नववीच्या लेकरांना धंद्याचं शिकवायचंय, सुरुवात कुठून करू?

वाळूजचा भूमकर

नमस्कार. मी वाळूजला एका कंपनीत खरेदी विभागात आहे, गाव भूम तालुक्यात. मागच्या आठवड्यात गावी गेलो तेव्हा हायस्कूलच्या मुख्याध्यापकांची भेट झाली. ते म्हणाले, "महिन्यातले दोन शनिवार तुम्हाला देतो. आठवी-नववीच्या लेकरांना धंद्या-व्यवसायाच्या चार गोष्टी सांगा. मानधन काही देता येणार नाही." मानधनाचा प्रश्नच नाही, मला हे मनापासून करायचंय. माझ्या बरोबरीची निम्मी पोरं बारावीनंतर पुण्याला गेली, कुणी सिक्युरिटीत, कुणी डिलिव्हरीला. गावात म्हशी आहेत, खव्याच्या भट्ट्या आहेत, पण हा धंदा आहे आणि तो शिकण्यासारखा आहे असं आम्हाला शाळेत कुणी कधी सांगितलं नाही.

लॅपटॉपवर स्लाइड्स करायला घेतल्यात. उद्योजक म्हणजे कोण, बिझनेस प्लॅन, मार्केटिंग, मोठ्या स्टार्टअपच्या गोष्टी. पण मन भरेना. शाळेत प्रोजेक्टर आहे, लाइटचा भरवसा नाही. तुमच्यापैकी कुणी असं शिकवलंय का? पहिल्या तासाला काय घेऊ? मुलांना थोडं भांडवल द्यावं का? परवानगी कुणाकुणाची लागते? दोन्ही वर्ग मिळून साठेक मुलं होतात.

चटणीवाली ताई, केज

दादा, स्लाइड्स राहू द्या. मी केज तालुक्यात चटण्या-मसाल्याचा छोटा उद्योग चालवते, बचत गटातून सुरू झालेला. गावच्या जिल्हा परिषद हायस्कूलात नववीला शिकवायला जाते, त्याला आता काही वर्षं झाली. मी एकच विषय शिकवते, हिशोब. आणि त्यातही सगळा जोर एका गोष्टीवर: आपल्या कष्टाला किंमत लावायची. आपल्याकडची लेकरं वावरात राबतात, बाजारात माळवं विकतात, गिऱ्हाइकाशी घासाघीस त्यांना माझ्यापेक्षा चांगली येते. बाजार त्यांना नवा नाही. लिहून काढलेला हिशोब मात्र त्यांच्या घरात सहसा कुणी पाहिलेला नसतो.

पहिल्या तासाला वही आणि पेन, बाकी काही नको. "तुमच्या घरी पैसा किती येतो" हे मात्र भर वर्गात कधीच विचारू नका. कुणाच्या बापानं ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, कुणाच्या घरी खाजगी सावकाराचं देणं असतं, लेकरू खाली मान घालून बसतं आणि पुढच्या शनिवारी येत नाही. त्यापेक्षा गावातला दुसऱ्या कुणाचा तरी धंदा द्या. पिठाची गिरणी, पंक्चरचं दुकान, शिवणकाम, न्हाव्याचं दुकान. पाच-पाच जणांचा गट, एका गटाला एक धंदा. आठवडाभरात जाऊन विचारून यायचं: दिवसाला किती गिऱ्हाईक, लाइटबिल किती, जागेचं भाडं किती, कोणत्या महिन्यात धंदा पडतो. आमच्या गिरणीवाल्या काकांना आधी वाटलं पोरं टवाळी करायला आलीत. नंतर त्यांनीच खुर्ची टाकून जातं टाकवून आणायला किती लागतात, पट्टा किती दिवसांनी बदलतो, सगळं सांगितलं. तुमच्या गावात तर खव्याची भट्टी आहे! चार-पाच लिटर म्हशीच्या दुधाचा एक किलो खवा. दुधाचा भाव, सरपण, ढवळणाऱ्या माणसाची मजुरी, उन्हाळ्यात माल टिकत नाही, लग्नसराईत भाव चढतो. एवढ्यावर तुमचे चार शनिवार आरामात निघतील, आणि अख्खा धडा मुलांच्या नाकाला येणाऱ्या वासाइतका ओळखीचा.

आता खरा मासला सांगते. तीन मुलींनी शाळेच्या आनंदनगरीत शेंगदाण्याची चटणी विकली. 50 ग्रॅमची 40 पाकिटं, 15 रुपयांना एक. सगळी खपली, 600 रुपये आले. मुलींनी खर्च लिहिला: लसूण, तिखट, जिरं, मीठ मिळून 70, पिशव्या आणि चिठ्ठ्या 40. खर्च 110, नफा 490. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, शेंगदाणे? तर म्हणाल्या, ते घरचे होते.

घरचे म्हणजे फुकट नाहीत ना. दोन किलो दाणे दुकानात विकले असते तर 140 च्या भावानं 280 रुपये हातात आले असते. ते खर्चात धरा म्हटलं. 490 चे 210 झाले. मग विचारलं, निवडायला, भाजायला, सोलायला, कुटायला, पाकिटं भरायला किती वेळ गेला? तिघींचे चार-चार तास, म्हणजे बारा तास. खुरपायला गेलं तर बाईला दिवसाला 300 मिळतात, आठ तासांचे. बारा तासांचे 450. फळ्यावर 210 वजा 450 लिहिलं. 240 रुपयांचा तोटा. वर्ग गप्प. आणि मग त्या तिघींतलीच एक म्हणाली, "मॅडम, म्हणजे माझी आई रोजच तोट्यात आहे का?"

मी त्या दिवशी तिला लगेच काही सांगितलं नाही. तिच्याच हिशोबावर वर्ग पुढं नेला, कारण उत्तर त्यातच होतं. तोटा कसा भरून काढायचा हे मुलांनीच शोधलं. एक म्हणाला भाव 20 करू. केला, 800 आले, दाणे-मसाला-पिशव्या 390, उरले 410, अजून 40 कमीच. दुसरी म्हणाली एकदम पाच किलोची करू, कढई तीच, चूल तीच, कुटायचं गिरणीत न्यायचं. पाच किलोला दाणे 700, मसाला 175, पिशव्या 100. खर्च 975. 100 पाकिटं 20 नं विकली तर 2,000. हातात 1,025. वेळ बारा तासांचा पंधरा झाला तरी मजुरी जेमतेम साडेपाचशेच्या आसपास. कुटणावळीचे पन्नासेक रुपये गेले तरी इथं पहिल्यांदा मजुरी सुटून वर चारशेच्या घरात उरले. लगेच शेवटच्या बाकावरून प्रश्न: "100 पाकिटं घेणार कोण?" हाच प्रश्न मी आधी विचारला असता तर कुणाला त्याचं महत्त्व कळलं नसतं.

घेणारे शोधायला पोरं निघाली. शिक्षक खोली, एसटी स्टँडवरचं हॉटेल, दोन किराणा दुकानं. एका दुकानदारानं पाकिटामागं 4 रुपये मागितले आणि पैसे महिन्यानं देतो म्हणाला. उधारी! दोन पूर्ण तास आम्ही उधारीवर बोललो. कुणाला द्यायची, किती दिवस, लिहून कशी घ्यायची, मागायला कसं जायचं, तोंडावर नाही कसं म्हणायचं. आपल्याकडचे कितीतरी छोटे धंदे उधारीनं बुडतात. चौदा वर्षांच्या मुलीला समोरच्या मोठ्या माणसाला "काका, मागचे झाल्यावर पुढचा माल देते" असं आदरानं आणि न घाबरता म्हणता आलं पाहिजे. हे आम्ही वर्गात नाटक करून बसवतो. लाजरीबुजरी पोरं यात सगळ्यात जास्त खुलतात. दुकानात माल ठेवायचा तर अन्न नोंदणी लागते, ती माझ्या उद्योगाची आहे म्हणून भागलं. तुम्ही खाण्याचा पदार्थ घेणार असाल तर शाळेबाहेर विकण्याआधी हे बघून घ्या.

भांडवलाचं विचारलंत. द्या, पण थोडं, आणि परत घेण्याच्या बोलीवर. दिल्लीच्या सरकारी शाळांत 2021 मध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना 2,000 रुपयांपर्यंत बीजभांडवल देऊन धंदे करायला लावले होते. आपल्या नववीच्या गटाला 500 पुष्कळ झाले. मी पैसे देताना वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेते आणि धंदा झाला की आधी भांडवल परत, मग वाटणी. व्याज नाही. माल खराब झाला, पावसानं बाजार मोडला, तर गटानं वर्गासमोर उभं राहून का ते सांगायचं आणि पैसे पुढच्या खेपेतून द्यायचे. बिनव्याजी पैसा, लिहून घेतलेला, वेळेत फेडलेला, ही सवय या वयात लागली तर पुढं मुकादमाच्या उचलीचा किंवा फायनान्सवाल्याच्या हप्त्याचा कागद समोर आला की मूल निदान आकडे तरी विचारेल.

निवृत्त मास्तर, रेणापूर

ताईंनी वर्गातलं सांगितलं, मी कचेरीतलं सांगतो, कारण चांगली माणसं इथंच कंटाळून परत जातात.

मुख्याध्यापक तोंडी हो म्हणाले ते पुरेसं नाही. एक साधा अर्ज द्या, त्यात काय शिकवणार, कोणत्या वर्गाला, कोणत्या दिवशी, हे लिहा. शाळा जिल्हा परिषदेची असेल तर तो शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवून इतिवृत्तात नोंद करून घ्या आणि केंद्रप्रमुखांच्या कानावर घाला. संस्थेची शाळा असेल तर संस्थेचं पत्र. केंद्र सरकारचं विद्यांजली पोर्टल आहे, सरकारी आणि अनुदानित शाळांत स्वेच्छेनं शिकवणाऱ्यांसाठी. तिथं नोंद केलीत तर मुख्याध्यापक बदलून गेले तरी नव्यांना दाखवायला तुमच्याकडं काहीतरी राहतं. बदल्या होतातच.

दुसरं, आणि याला फाटा देऊ नका. वर्गात शाळेचे एक शिक्षक कायम हजर असलेच पाहिजेत. मुलींचा गट गावात चौकशीला जाणार असेल तर सोबत मॅडम किंवा पालक. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला स्वतःहून काढून शाळेत द्या, कुणी मागायची वाट पाहू नका. मुलांचे फोटो व्हॉट्सअॅप स्टेटसला टाकण्याआधी पालकांची संमती. बाहेरच्या माणसानं हे आपणहून केलं की शिक्षकांचाही विश्वास बसतो.

तास कुठला? आठवीपर्यंत आनंददायी शनिवार हा पुस्तकाबाहेरचं शिकवायचा उपक्रम आहे, त्यात सहज बसतं. नववीला शाळेकडून एखादा तास मागून घ्या. शाळेत स्काऊट-गाईड असेल तर त्यांची 'खरी कमाई', म्हणजे मुलांनी स्वतः काम करून पैसे मिळवायचे, आधीपासून आहेच, तीच हिशोबासकट नीट करायची. परीक्षा जवळ आल्या की मुलांना ओढू नका, शिक्षक नाराज होतात आणि त्यांचं बरोबर असतं. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःचं बचत खातं चालवता येईल अशी मोकळीक रिझर्व्ह बँकेनं बँकांना दिली आहे. गटाचे पैसे मॉनिटरच्या दप्तरात ठेवण्यापेक्षा गावातल्या बँकेत मुलांना घेऊन जा. स्लिप भरायची कशी, हे पदवी झालेल्यांनाही येत नाही.

एक पालक, परभणी

सगळ्यांची क्षमा मागून वेगळं बोलतो. माझी मुलगी नववीत आहे. मी कृषी सेवा केंद्र काढलं होतं, चार वर्षांत बंद पडलं, अजून फेडतोय. पोरीनं शिकून नोकरी धरावी एवढंच आम्हाला वाटतं. लोक लातूरला खोली घेऊन मुलांना डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेला बसवतात, आणि इथं सरकारी शाळेतल्या गरीब लेकरांना चटणी विकायला शिकवायचं? त्यांनी कायम पाकिटंच भरायची का? तुमचा हेतू चांगला आहे याबद्दल शंका नाही.

चटणीवाली ताई, केज

भाऊ, तुमचं म्हणणं मला लागलं. क्षमा कशाची मागता. तुम्ही जे सोसलंय त्यातून हा प्रश्न आलाय आणि तो प्रत्येक शाळेत एक तरी पालक विचारतोच.

मी एकाही मुलाला "शिक्षण सोड, धंदा कर" असं म्हटलेलं नाही, म्हणणार नाही. शनिवारचे दोन तास, बाकी आठवडा शाळेचाच. आणि ज्या मुलीनं आईचा प्रश्न विचारला ती आज अंबाजोगाईला विज्ञान शाखेत शिकते, चटणी विकत नाही. तिच्या आईनं मात्र शेंगा फोडायची मजुरी वाढवून मागितली, आणि ती मिळाली. मुलीनंच आकडे लिहून दिले होते.

तुमच्या दुकानाबद्दल मला काही माहीत नाही, म्हणून त्यावर बोलत नाही. पण कृषी सेवा केंद्रात उधारीवर खत-बियाणं द्यावंच लागतं, पीक निघाल्यावर पैसे येणार आणि पीक पावसाच्या हातात, हे कुणाला चुकलेलं नाही. 2025 च्या सप्टेंबरात आपल्याकडं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं, उभं सोयाबीन पाण्यात गेलं आणि गावातल्या प्रत्येक दुकानाची वसुली त्याच्याबरोबर गेली. ही जोखीम मोजायची कशी हे कुणीतरी वयात येताना शिकवायला हवं. नोकरी लागली तरी कर्ज काढावं लागतंच, घराचं, गाडीचं. तेव्हाही हाच हिशोब कामाला येतो. जमलं तर तुम्ही स्वतः एकदा वर्गात येऊन बोला, असं मी म्हणेन. दुकान का बंद पडलं हे शांतपणे सांगणारा माणूस मुलांना मोठ्या यशाच्या दहा गोष्टींपेक्षा जास्त देऊन जातो.

आणि मोठ्या माणसाची गोष्ट सांगायचीच असेल तर आपल्या जालन्याची सांगा. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको ही बियाण्याची कंपनी काढली ती जालन्यातच, पुढं 1998 चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. सुरुवात भेंडीच्या बियाण्याची. आमच्या वर्गातल्या एका मुलानं ही गोष्ट ऐकून विचारलं, "बियाण्याची भेंडी आणि भाजीची भेंडी, भावात किती फरक?" आम्ही पुढचा तास त्याच्यावरच घेतला.

मोंढ्यातला मुनीम, लातूर

मी आडत दुकानात मुनीम आहे. नववीचे वीस-पंचवीस विद्यार्थी मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, आणा, साठ एकदम नको, हमालांच्या पायात येतील. सीझनमध्ये गर्दी असते, त्यामुळं दिवाळीआधी सोयाबीनची आवक सुरू होतानाचा एखादा दिवस बघा आणि आधी फोन करून या. सौदा कसा निघतो ते उभं राहून बघू द्या.

पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पट्टी वाचायला शिकवा. माल विकला की शेतकऱ्याला जो कागद मिळतो ना, तो. किती कट्टे, वजन किती, भाव काय लागला, हमाली किती, तोलाई किती, शेवटी हातात किती. घरोघरी त्या पट्ट्या खिळ्याला अडकवलेल्या असतात आणि कुणी परत बघत नाही. पोरांना त्यांवरची नावं झाकून आणायला सांगा आणि तीन पट्ट्या शेजारी ठेवून ताडून बघू द्या. मग हमीभाव घ्या. 2025-26 ला सोयाबीनचा 5,328 रुपये क्विंटल होता. पण त्याला ओलाव्याची 12 टक्क्यांची अट असते, आणि पावसात भिजलेला माल तिथं बसत नाही. त्याच दिवशी मोंढ्यात भाव काय होता ते लिहा. फरक का, वाळवायला जागा आणि चार दिवस थांबायची ऐपत कुणाकडं आहे, हे मुलं आपापसात बोलतीलच. मी वही-पेन घेऊन हजर राहीन, दोन तास देतो.

वाळूजचा भूमकर

काल रात्री सगळं वाचून काढलं. भट्टीपासून सुरुवात करतोय, माझ्या चुलत्यांचीच भट्टी आहे, बोलून ठेवलंय. मास्तर, अर्ज लिहून पाठवतो, एकदा नजर टाका. मुनीम काका, दसऱ्याच्या सुमारास फोन करतो. ताई, एक शेवटचं. वर्षाचं वेळापत्रक कसं बसवता? आमच्याकडंही काही घरं ऊसतोडीला जातात.

चटणीवाली ताई, केज

तेच आधी बघा. तोडीला जाणारी घरं दसरा-दिवाळीनंतर बाहेर पडतात आणि गुढीपाडव्याच्या मागंपुढं परततात. काही लेकरं आजी-आजोबांकडं किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची आईबापांबरोबर फडावर. म्हणून पूर्ण एक फेरा दसऱ्याआधी संपवा: चौकशी, भांडवल, विक्री, हिशोब, वाटणी. अर्ध्यावर सोडलं तर नेमक्या त्याच मुलांच्या वाट्याला नुसते कष्ट येतात आणि नफ्याची वाटणी होते तेव्हा ती कारखान्याच्या तळावर असतात. आम्ही त्यांचा वाटा पाकिटात घालून, वर हिशोब लिहून, ती निघायच्या आधी हातात देतो. दिवाळीनंतर जी मुलं उरतात त्यांचा दुसरा फेरा. गट पाडताना जाणारी मुलं सगळी एका गटात टाकू नका, मिसळा, म्हणजे मागं राहिलेल्यांकडं वही चालू राहते.

जूनमध्येच वर्गशिक्षकांकडून कोण जाणार आहे त्याचा अंदाज घ्या, त्यांना घरटी माहिती असते. आणि हिशोबाच्या वहीचे रकाने मी आखून ठेवलेत, फोटो इथंच टाकते संध्याकाळी.